काउंटरवर नवं चिकन आलंय? आधी ते नुसतं चाखा

अमेरिकेतल्या मेक्सिकन धाटणीच्या काउंटरवाल्या रेस्टॉरंटांत अधूनमधून दारावर नवं पोस्टर झळकतं. चकचकीत फोटो, त्यावर मोठ्या अक्षरात 'नवीन' आणि खाली बारीक अक्षरात 'मर्यादित काळासाठी'. लोक उत्साहानं आत शिरतात आणि आपला नेहमीचाच बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेलं गाठोडं, मागवतात, फक्त चिकन तेवढं नवं. वर नेहमीचं चीज, नेहमीचं सावर क्रीम, दोन प्रकारचे चटणीसारखे साल्सा, ॲव्होकाडोचं ग्वाकामोले. बाहेर पडताना म्हणतात, "ठीक होतं, पण काही वेगळं नाही लागलं." लागणार कसं? अर्ध्या किलोहून जड अशा त्या गाठोड्यात चिकन असतं साधारण चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. बाकी सगळा भात, घेवडा आणि दुधाचे पदार्थ.

मी शिकत असताना कॅम्पसवरच्या फूड कोर्टात अशाच एका काउंटरमागे उभी राहायचे. चेन कुठली ते जाऊ द्या, सगळीकडची वाढण्याची लाइन सारखीच असते. त्या बाजूला उभं राहिलं की माणूस काय मागतो आणि समोरच्या टेबलावर बसून कोणत्या चेहऱ्यानं खातो, दोन्ही दिसतं. त्या अनुभवावरून सांगते: नवं चिकन खरंच कसं आहे हे बघायचं असेल, तर पहिल्या खेपेला ताटात चिकनशिवाय दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नका. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

पोस्टर नीट वाचा

फोटो बघू नका, फोटोत सगळंच छान दिसतं. वाचायचे ते खालचे चार-पाच शब्द: मिरची कुठली, आंबट कशानं केलंय, गोड काही आहे का, आणि चिकन भाजलंय की रश्श्यात शिजवलंय. एवढं कळलं की वर काय घालायचं हे अर्धं ठरतंच.

नेहमी दिसणारे प्रकार तसे मोजकेच. 'पोयो असादो' म्हणजे लिंबूवर्गीय रसात आणि मसाल्यात मुरवून भाजलेलं चिकन. यात भाजल्याचा वास आणि आंबटपणा महत्त्वाचा. चिपोत्ले या चेननं हे २०२२ च्या मार्चमध्ये आणलं होतं. 'एल पोयो लोको' ही चेन तर अशा भाजलेल्या चिकनवरच उभी राहिली. तिचं पहिलं दुकान १९७० च्या दशकात मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या ग्वासावे गावात निघालं आणि १९८० मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. तिथे चिकन हाडासकट मिळतं, त्यामुळे खाण्याची तऱ्हाच वेगळी. पण मसाल्याची जातकुळी तीच.

'आल पास्तोर'वर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त अपेक्षाभंग मी त्याच्याच बाबतीत बघितलाय. हा मूळचा डुकराच्या मांसाचा प्रकार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेबनॉनच्या भागातून मेक्सिकोत, विशेषतः प्वेब्ला शहरात आलेल्या लोकांनी आपलं शवर्मा तिथे नेलं. उभ्या सळईवर मांसाचे थर रचायचे, बाजूनं आच द्यायची आणि कड भाजली जाईल तसतशी सुरीनं उतरवायची. पुढे मांस बदललं, मसाला बदलला. सुक्या मिरच्या आल्या, अचियोतेच्या लाल बियांची पेस्ट आली, अननस आलं. खऱ्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, अजूनही ती सळई दिसते आणि टाकोवर अननसाची चकती पडते. चिपोत्लेनं २०२३ च्या मार्चमध्ये 'चिकन आल पास्तोर' आणलं, त्यात मोरिता मिरची, अचियोते, अननस, लिंबू असं सगळं होतं, पण चिकन भाजलं जातं सपाट तव्यावर आणि मग त्याचे तुकडे करतात. त्यामुळे सळईवरची ती पातळ, करपलेली कड इथे शोधू नका. इथे बघायचं ते मुरवणात अननसाचा गोडवा आणि मिरचीचा धूर यांचं जमलंय का. सळईवरचं हवं असेल तर टाकेरिया गाठा. दोन्हीची तुलना करून नाक मुरडण्यात काही हशील नाही.

'तिंगा' हाही प्वेब्लाचाच. शिजवून पिंजलेलं चिकन, टोमॅटो, भरपूर कांदा आणि चिपोत्ले मिरची. हे ओलसर असतं. 'मोले' म्हणजे दाट, गडद रस्सा. सुक्या मिरच्या, मसाले, बहुतेक वेळा दाणे किंवा बदाम, तीळ, आणि मोले पोब्लानोत थोडं चॉकलेटही. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर मोलेच्या बाबतीत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचाही प्रमुख ॲलर्जीच्या पदार्थांत समावेश झालाय, त्यामुळे चेनच्या ॲलर्जीच्या तक्त्यात तो सापडायला हवा. 'पिबिल' मेक्सिकोतल्या युकातानचं. अचियोते, आंबट संत्र्याचा रस आणि मुळात केळीच्या पानात गुंडाळून मंद शिजवलेलं. आणि अलीकडे मधाचं चिकन. चिपोत्लेनं २०२५ च्या मार्चमध्ये चिपोत्ले मिरची आणि मध असं जोडीनं आणलं. मेक्सिकोच्या परंपरेपेक्षा अमेरिकेच्या गोड-तिखट आवडीकडे ते जास्त झुकतं, असं माझं मत.

आता तिखटाचं. पोस्टरवर तीन मिरच्यांची चित्रं बघून आपली माणसं हसतात, आणि बहुधा बरोबरच हसतात. चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली, धुरावर सुकवलेली हालापेन्यो मिरची. मोरिता ही तिचीच लहान, जराशी फळासारख्या चवीची बहीण. हालापेन्योचा तिखटपणा स्कोव्हिल मोजमापात साधारण २,५०० ते ८,००० च्या घरात. आंचो आणि ग्वाहियो त्याहूनही सौम्य. ग्वाहियो तर आपल्या ब्याडगीसारखी, रंगासाठी आणि वासासाठी घालायची. मात्र नावात कुठे हाबानेरो दिसली तर हसू आवरा. ती १ लाखाच्या पुढे सुरू होते आणि साडेतीन लाखांपर्यंत जाते. साल्साच्या डब्यावर हाबानेरो लिहिलं असेल तर चमच्याचं टोक बुडवून बघा, चमचा भरून नको.

कधी जायचं

याला लोक काडीचं महत्त्व देत नाहीत, आणि माझ्या मते अर्धी चव इथेच ठरते.

भाजलेलं चिकन तुकडे करून स्टीलच्या पॅनमध्ये येतं आणि तो पॅन गरम पाण्याच्या वाफेवर बसतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गरम पदार्थ किमान १३५ फॅरनहाइटवर, म्हणजे ५७ सेल्सिअसवर राहिला पाहिजे. तो राहतो, काळजी नको. पण सुरक्षित राहणं वेगळं आणि चांगलं राहणं वेगळं. पॅनमध्ये बसून बसून कुरकुरीत कड मऊ पडते, कोपऱ्यातले तुकडे सुकतात. साधं चिकन हे बऱ्यापैकी सोसतं. मध किंवा अननस असलेलं मात्र लवकर चिकट होतं आणि त्याचा वास दबतो. म्हणजे नव्या प्रकाराचंच नुकसान जास्त.

दुपारी बारा ते एक पॅन सतत बदलत असतात, चिकन ताजं असतं, पण रांग इतकी असते की कुणाला तुमच्याशी बोलायला वेळ नाही. अडीच ते चार हा मधला काळ सगळ्यात वाईट. गिऱ्हाईक तुरळक, पॅन तसाच बसलेला. मी सांगेन की साडेअकरा ते पावणेबाराच्या सुमारास जा. गर्दीच्या तयारीत सगळे पॅन नुकतेच भरलेले असतात आणि रांग अजून लागलेली नसते. संध्याकाळी जायचं तर साडेपाचच्या आसपास.

काचेतून पॅनकडे बघा. ताज्या चिकनवर ओलसर चमक असते, तुकड्यांच्या कडा गडद आणि पोट उजळ दिसतं, तळाला थोडा रस असतो. जुनं असेल तर सगळे तुकडे एकाच मरगळलेल्या रंगाचे दिसतात, वरच्यांची टोकं वळलेली असतात आणि पॅनच्या कडेला मसाल्याची सुकलेली रेघ दिसते. तसं दिसलं तर सरळ विचारा की पुढची बॅच कधी येतेय. "दोन मिनिटांत" असं उत्तर आलं तर मागच्यांना पुढे जाऊ द्या आणि थांबा. याचं कुणाला काही वाटत नाही. उलट आम्हाला तर बरं वाटायचं की कुणीतरी लक्ष देऊन खायला आलंय.

याच कारणासाठी पहिल्या वेळी ॲपवरून मागवू नका. मोठ्या चेनमध्ये ॲपच्या ऑर्डरी मागच्या वेगळ्या लाइनवर बनतात. तिथे पॅन दिसत नाही, चव मागता येत नाही, आणि पिशवीत दहा मिनिटं वाफेत कोंडलेलं चिकन तुमच्या पदरात पडतं. ॲप दुसऱ्या वेळेपासून.

लाइनमध्ये

हा लाइनचा प्रकार लोकांच्या अंगवळणी पाडला तो मुख्यतः चिपोत्लेनं. स्टीव्ह एल्स या शेफनं १९९३ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाजवळच्या एका जुन्या आइस्क्रीमच्या दुकानात पहिलं रेस्टॉरंट काढलं. दोन वर्षांनी त्याच डेन्व्हरमध्ये क्युडोबा ही अशीच दुसरी चेनही निघाली. तेव्हापासून क्रम जवळपास ठरलेला: आधी बरिटो, बाउल की टाको, मग भात, मग घेवडा, मग मांस, मग साल्सा, मग क्रीम-चीज, शेवटी ग्वाकामोले आणि लेट्यूस, आणि गल्ला. नवखा माणूस चिकनपाशी पोचेपर्यंत त्याच्या बाउलमध्ये भात-घेवडा पडून गेलेला असतो. म्हणून तोंड उघडायचं ते अगदी सुरुवातीला: नवीन चिकन आधी चाखायला मिळेल का?

बहुतेक ठिकाणी मिळतं. साल्साच्या छोट्या कपात दोन-तीन तुकडे टाकून देतात. लाजायचं काही कारण नाही. मागे रांग मोठी असेल तर मात्र हा हट्ट नको.

चाखायचं कसं, तेही सांगते. पहिला तुकडा नुसता, सावकाश चावून. मिरचीचा धूर आधी नाकात येतो, तिखट नंतर घशात चढतं, त्यामुळे लगेच मत देऊ नका. दुसऱ्या तुकड्यावर लिंबू पिळा. लिंबाच्या फोडी मागितल्या की देतात, फुकट. या एका पिळण्यानं इतकं कळतं की विचारू नका. चिकन खारट वाटत होतं ते सरळ होतं, गोड वाटत होतं त्याला आधार येतो. आणि लिंबानंतरही पचपचीतच लागलं तर ते पचपचीतच आहे, वर काहीही घाला.

माझे सासरे इथे आले होते तेव्हा त्यांना मधाचं चिकन असंच कपात दिलं. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चष्मा वर केला आणि काउंटरपलीकडच्या मुलाकडे संशयानं बघितलं.

"अगं, हे चिकन आहे की चिक्की?"

"बाबा, थांबा. हे लिंबू पिळा आणि परत खा बघू."

त्यांनी पिळलं. खाल्लं. काही बोलले नाहीत, पण कप पुन्हा पुढे केला. मग म्हणाले, "आता मिरची लागली. मघाशी कुठे लपली होती?" मुलाला मराठी कळत नव्हतं, पण कप पुढे आलेला कळला. त्यानं हसून अजून दोन तुकडे टाकले.

चव पटली तर बाउल घ्या, बरिटो नको. बरिटोत सगळं एकत्र दाबलं जातं आणि प्रत्येक घासात सगळ्याचा थोडा थोडा काला येतो. बाउलमध्ये चिकन एका बाजूला राहतं. टॉर्टिया, म्हणजे ती पोळी, हवीच असेल तर वेगळी मागून घ्या, कधी त्याचे थोडे जास्त पैसे लावतात. भात निम्मा सांगा. मन द्विधा असेल तर निम्मं नवं, निम्मं नेहमीचं चिकन असं मागता येतं. भाव सहसा दोघांतल्या महागाचा लागतो. पण शेजारी शेजारी ठेवून खाण्याइतकी खरी परीक्षा दुसरी नाही, तेवढे सेंट सत्कारणी लागतात.

वाढण्याविषयी एक. काउंटरवर वजनकाटा नसतो, चमच्याचा अंदाज असतो. "अजून थोडं" म्हणालात तर जास्त चिकनचे पैसे लागतात, किंवा समोरचा अवघडतो. त्याऐवजी म्हणा की कडा भाजलेले तुकडे द्या. ही फर्माईश कुणालाही आवडते, तिला पैसे पडत नाहीत, आणि चव तिथेच असते. वाढणाऱ्याच्या डोळ्यात बघून बोला, फोन कानाला लावून बोटानं दाखवू नका. फोनवाल्यांच्या बाबतीत हात आपोआप आखडता होतो. हे मी कबूल केलेलं कुणाला सांगू नका.

बीफ किंवा पोर्क चालत नसेल तर इथेच सांगा, गल्ल्यावर नाही. बार्बाकोआ बहुतेक ठिकाणी बीफ असतं, कार्नितास पोर्क. सांगितलं की हातमोजे बदलतात, वेगळा चमचा घेतात. पण स्टेक आणि चिकन कित्येकदा एकाच तव्यावर भाजलं जातं, हे आधी विचारून घ्यावं आणि मग आपापलं ठरवावं. पिंटो किंवा परतून घोटलेला घेवडाही विचारून घ्या. काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी असते.

गल्ल्यावर फार थांबण्यासारखं काही नाही. फळ्यावरच्या भावावर कर वेगळा चढतो, मर्यादित काळाचं चिकन साध्या चिकनपेक्षा जरा महाग असतं, ग्वाकामोलेचे पैसे वेगळे. टॅब्लेट तुमच्याकडे फिरवून टिप विचारतात ती ऐच्छिक आहे. टेबलावर येऊन वाढणाऱ्या रेस्टॉरंटसारखी १५-२० टक्क्यांची अपेक्षा इथे नसते. मी एखादा डॉलर ठेवते, जुन्या नात्यापोटी.

कशाबरोबर काय

इथे माझी मतं पक्की आहेत.

आल पास्तोर आणि असादो यांना आंबट आणि ताजं काहीतरी लागतं. लिंबू-कोथिंबिरीचा पांढरा भात, काळा घेवडा, वर टोमॅटो-कांद्याचा ताजा साल्सा, असला तर कच्चा कांदा. बस. मक्याचा साल्सा गोड असतो, अननसाशी त्याचं भांडण होतं. टाको घेणार असाल तर मक्याची टॉर्टिया घ्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो, त्यामुळे तिला स्वतःचा एक खमंग, मातकट वास असतो आणि तो अचियोतेच्या मसाल्याला साथ देतो. मैद्याची टॉर्टिया मऊ आणि सोयीची, पण चवीत गप्प. शिवाय चिपोत्लेच्या तक्त्यात बरिटोची एकटी टॉर्टिया ३२० कॅलरींची आहे. हे आकडे शोधायला लागत नाहीत. वीस किंवा जास्त शाखा असलेल्या चेनना मे २०१८ पासून मेनूवर कॅलरी लिहाव्याच लागतात.

मधाच्या चिकनला उलट उपाय: आंबट आणि तिखट. टोमाटीयो या आंबट हिरव्या फळाचा साल्सा आणि व्हिनेगरमधल्या हालापेन्योच्या चकत्या. तपकिरी भात चालतो, त्याचा चिवटपणा गोडाला आवर घालतो. सॅलडवर घालतात ते गोड व्हिनेग्रेट देऊ करतील, ते घेऊ नका.

तिंगा आधीच टोमॅटोत न्हालेला असतो, त्यावर पुन्हा लाल साल्सा घालणं म्हणजे रश्श्यात पाणी ओतण्यासारखं. त्याला कुरकुरीत काहीतरी द्या, लेट्यूस किंवा मोडलेले चिप्स. सावर क्रीमचा एक ठिपका फक्त इथे मी मान्य करते. मोलेला काहीच देऊ नका. साधा भात, वर थोडे तीळ किंवा कच्चा कांदा. मोलेवर ग्वाकामोले घालणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. पिबिलबरोबर आंबट रसात मुरवलेला लाल कांदा मिळाला तर सोडू नका, ती जोडी युकातानमध्येच ठरलेली आहे.

क्रीम, चीज आणि केसो, म्हणजे वितळवलेल्या चीजचा सॉस, यांवर माझा राग नाही. पण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, आणि दुधातलं केसीन ते जिभेवरून ओढून नेतं. म्हणजे तिखट झेपलं नाही तर सावर क्रीम हा उत्तम ब्रेक आहे, कोकचा ग्लास नाही. पण जे चाखायला आलात ते तिखटच पहिल्या घासाला त्याच्या हवाली केलंत, तर मग आलात कशाला? म्हणून क्रीम आणि चीज छोट्या कपात बाजूला मागा. केसो तर पूर्ण बाजूला. तो सगळ्यावर एकच पिवळा रंग आणि एकच खारट चव फासतो, धुराचा वास पार बुजवतो.

टेबलावर

बाउल आल्या आल्या काट्यानं ढवळू नका. ही सवय सगळ्यांना असते. आधी चिकनचा एक तुकडा नुसता, कपात खाल्लेल्याशी ताडून बघायला. मग भाताबरोबर, मग साल्सा लावून. कुठल्या घासाला चिकन ठळक झालं आणि कुठल्याला हरवलं, ते लगेच कळतं. ज्यानं हरवलं ते पुढच्या वेळी नको. मी फोनमध्ये एका ओळीत लिहून ठेवते: 'आल पास्तोर, मका नको, लिंबू दोन.' मर्यादित काळाचा पदार्थ वर्षभरानं परत येतो तेव्हा आपण काय घेतलं होतं ते कुणालाच आठवत नसतं.

चिकन आवडलं नाही तर आधी लिंबू, मग किंचित मीठ, मग टेबलावरचा हॉट सॉस, याच क्रमानं. तरीही नको वाटलं आणि दोन-चार घासच खाल्ले असतील, तर काउंटरवर जाऊन सांगा. नीट बोललं तर बहुतेक वेळा नेहमीचं चिकन घालून देतात. बाउल रिकामा करून तक्रार केली की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मी पलीकडून अनुभवलंय.

एका बाबतीत मात्र संकोच अजिबात नको. चिकन आतून ७४ सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइटपर्यंत शिजलेलं हवं. मांडीचं मांस मुळातच गडद असतं आणि अचियोतेनं लालसर दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून घाबरू नका. पण तुकडा दातांखाली बुळबुळीत, रबरासारखा लागला आणि तुटताना तंतू सुटले नाहीत, तर तिथेच थांबा आणि परत करा.

उरलं तर

उरतंच. म्हणून साल्सा, क्रीम आणि लेट्यूस सुरुवातीपासून वेगळं ठेवलेलं बरं, एकत्र झालेलं घरी नेऊन उपयोग नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि तीन-चार दिवसांत संपवा. मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करा, चिकन नको. असादो आणि आल पास्तोर लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात, मोठ्या आचेवर, न हलवता. दोन मिनिटांत ती कड परत येते जी दुकानाच्या पॅनमध्ये मऊ पडली होती. खरं सांगायचं तर आल पास्तोर मला दुसऱ्या दिवशी तव्यावरचंच जास्त आवडतं. मधाचं चिकन मात्र मंद आचेवर, सारखं हलवत, नाहीतर मध आधी जळतो आणि चिकन आत गारच राहतं. तिंगा पातेल्यात चमचाभर पाणी घालून झाकून गरम करा, वर एक अंडं फोडा आणि पांढरं घट्ट होईपर्यंत पुन्हा झाकण ठेवा. याला भातही लागत नाही, टोस्ट पुरतो.